सिस्टरना उत्साह विचारण्याआधी हाताशी काय दिलंय ते विचारा

मागच्या अंकात आपण हॉस्पिटलमधल्या स्टाफ सर्वेबद्दल लिहिलं होतं, म्हणजे नर्सिंग स्टाफला कामासाठी काय मिळतं आणि त्यांचं कामात मन किती आहे हे मोजायचं कसं, त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. बहुतेक सिस्टरचे, काही ब्रदरचे, दोन-तीन मेट्रन मॅडमचे. सगळी छापणं शक्य नाही म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, सगळे नोकरीत आहेत.

प्रश्न : आमचं साधारण दीडशे बेडचं खासगी हॉस्पिटल आहे. एनएबीएचसाठी (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) दरवर्षी स्टाफ सॅटिसफॅक्शनचा फॉर्म भरून घेतो. पाच प्रश्न असतात, कामावर खूश आहात का, हॉस्पिटलचा अभिमान वाटतो का वगैरे. जवळपास सगळ्या मुली हो लिहितात. तरी दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी राजीनामा देतंच. आता मॅनेजमेंट म्हणतंय एंगेजमेंट मोजा. वेगळं काय मोजायचं?
— मेट्रन, सोलापूर

मॅडम, फॉर्म तुमच्याच ऑफिसात परत येणार हे माहीत असताना कोणती मुलगी 'नाही' लिहील? आणि समजा एखादीनं लिहिलंच तरी त्यावरून नक्की काय बदलायचं ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, कामासाठी हाताशी काय आहे. दुसरी, कामात जीव किती आहे. पहिलीला रिसोर्सेस म्हणतात, दुसरीला एंगेजमेंट, आणि आपल्याकडे बहुतेक हॉस्पिटलं फक्त दुसरीच विचारतात, तिथेच सगळं फसतं.

ही विभागणी जॉब डिमांड्स-रिसोर्सेस नावाच्या मॉडेलमधून आलीये. इव्हान्जेलिया डेमेरूटी, अर्नॉल्ड बाकर, विल्मार शाउफेली वगैरे मंडळींनी ते २००१ मध्ये मांडलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी यांच्यातल्याच काहींनी जर्मनीतल्या १०९ नर्सेसवर अभ्यास केला होता. त्यात दिसलं ते वॉर्डात काम केलेल्या कोणालाही पटेल. कामाचा बोजा, म्हणजे पेशंटची संख्या, वेळेची ओढाताण, शिफ्टची दगदग, याचं नातं थकव्याशी आहे, आणि हाताशी काही नसणं, कोणी न विचारणं, कामाची दाद न मिळणं याचं नातं कामातून मन उडण्याशी आहे. दोन्ही वेगळ्या वाटा आहेत. म्हणून एखादा कॅज्युअल्टीसारखा दमवणारा विभाग असतो तिथून मुली हलायला तयार नसतात कारण इनचार्ज पाठीशी उभी असते आणि सामान वेळेवर येतं, आणि एखाद्या हलक्या वॉर्डातून सगळ्या बदली मागतात कारण तिथे साधा ग्लुकोमीटर चालत नाही आणि सांगायला गेलं तर कोणी ऐकून घेत नाही.

रिसोर्सेस म्हटलं की मॅनेजमेंटला फक्त पैसा आणि मशिनरी दिसते. वॉर्डात विचारा काय उत्तर येतं ते. शिफ्टला पुरेशा सिस्टर, चालू बीपी ऑपरेटस, इंडेंट (सामानाची मागणी) टाकल्यावर त्याच दिवशी येणारं सामान, ड्युटी लिस्ट आठवडाभर आधी लागणं, नवीन मुलीला शिकवायला कोणी जुनी बरोबर असणं, रात्री डॉक्टरनं फोन उचलणं, चूक झाली तर आधी काय झालं ते विचारणं आणि सगळ्यांसमोर न ओरडणं, जेवायला बसल्यावर सलग वीस मिनिटं मिळणं. यातल्या निम्म्या गोष्टींना पैसे लागतच नाहीत.

आता मोजायचं कशानं. रिसोर्सेससाठी नर्सिंगमध्ये जगभर वापरलं जाणारं साधन म्हणजे पीईएस-एनडब्ल्यूआय ही प्रश्नावली, अमेरिकेतल्या आयलीन लेक यांनी २००२ मध्ये तयार केलेलं. त्याची मुळं आणखी मागे जातात, १९८३ मध्ये तिकडच्या नर्सिंग अकॅडमीनं ४१ हॉस्पिटलं शोधली होती जिथे नर्सेस टिकतात, आणि तिथे असं काय आहे ते बघितलं. त्या अनुभवातून हळूहळू प्रश्न तयार झाले. एकूण ३१ प्रश्न, पाच गट : हॉस्पिटलच्या निर्णयात नर्सेसना किती स्थान आहे, चांगल्या नर्सिंगचा पाया म्हणजे ट्रेनिंग, केअर प्लॅन वगैरे, इनचार्ज आणि मेट्रनचा आधार, स्टाफ आणि साधनं पुरेशी आहेत का, आणि डॉक्टरांशी संबंध. प्रत्येक प्रश्नाला १ ते ४ मार्क, मधला आकडा २.५. पाचपैकी चार किंवा पाच गटांची सरासरी २.५ च्या वर असेल तर वातावरण अनुकूल, दोन-तीन गट वर असतील तर मिश्र, एक किंवा शून्य तर प्रतिकूल. हे मला फार आवडतं कारण एका आकड्यात सगळं गुंडाळलं जात नाही, कुठे दुखतंय ते दिसतं.

एंगेजमेंटसाठी शाउफेली आणि बाकर यांचं यूडब्ल्यूईएस आहे, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचं. मोठं १७ प्रश्नांचं, छोटं ९ चं. तीन बाजू : कामात अंगात जोम असणं, कामाला अर्थ आहे असं वाटणं, आणि कामात गुंतून जाणं. उत्तरं ० म्हणजे कधीच नाही ते ६ म्हणजे रोज. तुम्ही छोटंच घ्या. ३१ अधिक ९ म्हणजे चाळीस प्रश्न झाले, आणि शेवटी एकच जादा प्रश्न, पुढच्या वर्षभरात ही नोकरी सोडायचा विचार आहे का. राजीनाम्यांचं कोडं तुम्हाला सोडवायचंय ना, मग तो प्रश्न हवाच. आणि फॉर्म तुमच्या ऑफिसात परत येता कामा नये, त्याबद्दल पुढच्या उत्तरात आहे ते जरूर वाचा.

प्रश्न : फॉर्मवर नाव नव्हतं पण वय, शिक्षण, अनुभवाची वर्षं आणि वॉर्ड सगळं होतं. मी लिहिलं की नाईटला चाळीस पेशंटना मी एकटीच असते. चार दिवसांनी बोलावून विचारलं हे तूच लिहिलंस ना. पुढच्या वेळी खरं लिहू की नको?
— स्टाफ नर्स, नांदेड

ताई, तुमच्यावर जे आलं ते चुकीचं होतं, आणि ते फॉर्म बनवतानाच घडलं होतं. ज्या वॉर्डात सात-आठ सिस्टर आहेत त्यातली बीएस्सी झालेली, अकरा वर्षं अनुभवाची एकच असते. नाव विचारलं नाही तरी ओळखू येतेच.

सर्वे घेणाऱ्यांसाठी आधी सांगतो. वय आकड्यात विचारू नका, तिशीच्या आत, तिशी ते पंचेचाळीस, त्यापुढे, एवढं पुरतं. अनुभवही तसाच. शिक्षण गरज नसेल तर विचारूच नका. लहान वॉर्ड एकत्र करा, मेल-फिमेल सर्जिकल एक, लेबर रूम आणि पीएनसी (बाळंतिणींचा वॉर्ड) एक. दहापेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा आकडा कोणालाच दाखवायचा नाही, डीनलाही नाही आणि ट्रस्टींनाही नाही. भरलेले फॉर्म बंद पेटीत आणि पेटी उघडणारी व्यक्ती हॉस्पिटलबाहेरची, जवळच्या नर्सिंग कॉलेजच्या टीचर आनंदानं करतात हे काम. हातानं लिहायच्या उत्तरांना तर जास्तच जपा, वॉर्डात एकमेकींचं अक्षर सगळ्यांना ओळखता येतं, रोज त्याच चार्टवर लिहायचं असतं. ती उत्तरं टाईप करून मगच पुढे द्या.

आता तुमचं. पुढच्या वेळी असाच फॉर्म आला तर वय, शिक्षण, वर्षं हे रकाने कोरे सोडा, मार्कांचे प्रश्न मात्र खरे भरा, ते सरासरीत मिसळतात. नाईटला एकटं असण्याची गोष्ट फॉर्मपेक्षा नोंदीतून जास्त पक्की होते, ड्युटी लिस्ट आणि सेन्सस (वॉर्डातल्या पेशंटची रोजची नोंद) दोन्ही हॉस्पिटलचीच कागदपत्रं आहेत. महिन्याभराच्या नाईट शिफ्ट्स, त्या रात्रीची पेशंट संख्या आणि ड्युटीवरच्या सिस्टर, एवढं एका कागदावर मांडून वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून द्या. एकटीनं जाऊ नका.

प्रश्न : एमएस्सी नर्सिंगच्या डेझर्टेशनसाठी यूडब्ल्यूईएस मराठीत घ्यायचंय. मला सांगितलंय की मोबाईलवर भाषांतर कर, दोन एक्स्पर्टच्या सह्या घे, अल्फा म्हणजे प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेचा आकडा काढ. अल्फा ०.९ आला की टूल रिलाएबल, झालं ना?
— विद्यार्थिनी, नाशिक

नाही झालं. पण तू विचारलंस हे चांगलं केलंस.

पद्धत अशी. इंग्रजी आणि मराठी दोन्ही उत्तम येणाऱ्या दोन जणींनी वेगवेगळं भाषांतर करायचं, त्यातली एक वॉर्डात काम केलेली हवी. दोन्ही समोर ठेवून एक करायचं. मग मूळ प्रश्न न बघितलेल्या तिसऱ्या कोणीतरी ते परत इंग्रजीत न्यायचं आणि कुठे घसरलं ते बघायचं. इथपर्यंत बरेच जण करतात, पुढचं कोणी करत नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आठ-दहा सिस्टर घे, एकेकीला प्रश्न वाचून दाखव आणि विचार, तुम्हाला यातून काय समजलं, उत्तर देताना मनात काय आलं. त्यात जीएनएम (डिप्लोमा) झालेल्याही हव्यात, बीएस्सीही, नाईट करणाऱ्याही, आणि मुंबई-पुण्यात असशील तर एखादी मल्याळी सिस्टरही, त्या मराठी छान बोलतात पण छापील मराठी त्यांना जड जातं.

काय काय निघतं बघ. ९ प्रश्नांपैकी एक असा आहे की सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटतं का. नाईट करणारी सिस्टर सकाळी घरी येते, मुलांचे डबे करते आणि अकरा वाजता झोपते, ती दुपारी उठते. ती या प्रश्नाला काय उत्तर देणार? काही जणी मागच्या महिन्यातली मॉर्निंग आठवून उत्तर देतात, काही अंदाजे मधला आकडा टाकतात. दुसरा प्रश्न कामात बुडून जाण्याबद्दल आहे. सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग करताना तीनदा हाक येते, दोनदा फोन वाजतो, बेड नंबर नऊचे नातेवाईक सलाईन संपलं म्हणून येऊन उभे राहतात. तिला बुडून जायला कोणी देतच नाही, आणि खरं तर बुडून जाणारी सिस्टर वॉर्डाला परवडणारही नाही, तिचा एक कान सतत मॉनिटरकडे हवा. त्यामुळे या भागात मार्क कमी आले की तिचं कामात लक्ष नाही असा अर्थ काढायचा नाही. १७ प्रश्नांच्या मोठ्या स्केलमध्ये तर वेळ भुर्रकन जातो का असाही प्रश्न आहे, आता स्टाफ कमी असलेल्या वॉर्डात वेळ भुर्रकन जातोच, आठ तासांत पाणी प्यायला सवड नसते. तिथे ६ मार्क पडले म्हणजे ती आनंदात आहे असं थोडंच.

म्हणून प्रश्न मनानं बदलायचे असं मी म्हणत नाहीये, स्केल ठरलेलं आहे आणि बदललंस तर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. पण सिस्टरनी प्रश्न कसा घेतला हे मेथडच्या चॅप्टरमध्ये सविस्तर लिही. नाईटवाल्यांचे आकडे वेगळे काढून बघ. आणि तिन्ही बाजूंची सरासरी वेगवेगळी दे, सगळं एकत्र करून एकच आकडा देऊ नकोस.

अल्फाचं सांगतो. अल्फा मोठा आला म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांबरोबर हलतात, एवढंच. प्रश्न बरोबर गोष्ट मोजतायत की नाही हे त्यातून कळत नाही. सगळ्या जणींनी घाबरून सगळीकडे ५-६ टाकले तर काही जणी थोडं कमी, काही थोडं जास्त या एकाच सवयीवर अल्फा झकास येऊ शकतो. म्हणून फॉर्म कुठे भरून घेतलेस ते बघ. इनचार्जच्या टेबलाशी उभं राहून हँडओव्हरच्या गडबडीत भरलेले फॉर्म काही कामाचे नाहीत.

आणखी दोन गोष्टी. यूडब्ल्यूईएस व्यावसायिक वापर नसलेल्या संशोधनाला मोफत आहे, तरी शाउफेली यांच्या साईटवरच्या अटी वाचून घे, पीईएस-एनडब्ल्यूआयसाठी मात्र मेल करून परवानगी मागायची आणि उत्तराची प्रिंट जोडायची. आणि तू एकाच दिवशी दोन्ही फॉर्म भरून घेणार असशील तर निष्कर्षात 'रिसोर्सेसमुळे एंगेजमेंट वाढते' असं लिहू नकोस, दोन्ही एकत्र दिसतात एवढंच तुझ्या हातात आहे. कशामुळे काय होतं हे बघायचं तर त्याच सिस्टरना सहा महिन्यांनी परत विचारावं लागेल. वायवाला हा प्रश्न हमखास येतो.

प्रश्न : मी मेल मेडिकल वॉर्डचा इनचार्ज. सर्वेत आयसीयूचा स्कोअर सगळ्यात वर आणि माझ्या वॉर्डचा सगळ्यात खाली. मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावून दाखवलं. आता मला लीडरशिप ट्रेनिंगला पाठवतायत. खरंच माझं चुकतंय का?
— इनचार्ज ब्रदर, विदर्भ

वॉर्डांची अशी क्रमवारी लावून स्क्रीनवर दाखवणं हे या सगळ्या प्रकाराचं सगळ्यात वाईट टोक आहे, मला याचा मनापासून राग येतो. तुमचं चुकतंय की नाही हे त्या एका आकड्यावरून कोणालाच सांगता येणार नाही.

पहिलं, वर सांगितलेल्या पीईएस-एनडब्ल्यूआयच्या पाच गटांचे आकडे वेगवेगळे मागून घ्या. इनचार्जच्या आधाराचे ५ प्रश्न आहेत आणि स्टाफ-साधनांचे ४. आधाराचा आकडा खाली असेल तर ट्रेनिंगला जरूर जा, मनापासून शिका. पण तो ठीक असेल आणि स्टाफचा आकडा तळाला असेल तर तुम्हाला ट्रेनिंगला पाठवून त्या वॉर्डात एकही सिस्टर वाढणार नाही, उलट ते दोन दिवस एक माणूस कमी.

दुसरं, आयसीयूशी तुलनाच चुकीची. आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स हा नॉर्मच आहे. जनरल वॉर्डसाठी केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या (एसआययू) १९९१-९२ च्या नॉर्म्समध्ये १:६, म्हणजे सहा पेशंटमागे एक नर्स, आहे, इंडियन नर्सिंग कौन्सिल टीचिंग हॉस्पिटलला १:३ आणि जनरल हॉस्पिटलला १:५ म्हणते, वर रजेसाठी ३०% जादा. पण ही सगळी पदांची भाषा झाली. मंजूर पदं किती, भरलेली किती आणि आज रात्री वॉर्डात उभ्या किती, हे तीन वेगळे आकडे असतात. साधा हिशोब करा. एका जागेवर चोवीस तास एक सिस्टर हवी तर आठवड्याच्या २१ ड्युट्या. एक ऑफ धरून एकीच्या होतात ६. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन सिस्टर लागतात, त्यात सीएल (किरकोळ रजा), मेडिकल, मॅटर्निटी रजा धरली की चारच्या वर. हा हिशोब ट्रस्टी किंवा वरिष्ठांसमोर मांडला की बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळतं की रजिस्टरवर आठ नावं असूनही रात्री दोनच का असतात.

तिसरं आणि मुख्य. प्रश्नावली म्हणजे लोकांना काय वाटतं ते. त्याच्या शेजारी काय घडतं ते ठेवा. चौदा दिवस, तिन्ही शिफ्ट, एक साधा तक्ता. शिफ्ट सुरू होताना पेशंट किती, नवीन ॲडमिशन किती, डिस्चार्ज किती, मृत्यू झाला का, फ्लोअर बेड (जमिनीवर गादी टाकलेले पेशंट) किती, ड्युटीवर सिस्टर-ब्रदर किती, त्यातले दुसऱ्या वॉर्डात किती ओढले, मामा-मावशी (वॉर्डबॉय, आया) किती होते. आणि खाली एक रकाना रेघा मारायला, नर्सिंग सोडून दुसऱ्या कामासाठी बेडपासून दूर जावं लागलं की एक रेघ. शुगरच्या स्ट्रिप्स संपल्या म्हणून शेजारच्या वॉर्डात, सिलिंडरची ट्रॉली आणायला मामा नाही म्हणून स्वतः, फार्मसीत औषध का आलं नाही विचारायला, लॅबमधून रिपोर्ट आणायला, चादरी मोजायला, आयुष्मान योजनेचे कागद पूर्ण करायला. कशासाठी गेलो ते एका शब्दात लिहायचं. दोन आठवड्यांनी त्या रेघा मोजा, कोणत्या कारणाला सगळ्यात जास्त पडल्या बघा. बहुतेक वेळा दोन-तीन कारणांतच अर्ध्याहून जास्त रेघा येतात आणि त्यातलं एखादं कारण तुमच्या पातळीवर मिटणारं निघतं, उदाहरणार्थ लॅबचे रिपोर्ट ठरलेल्या वेळी एकाच माणसानं सगळ्या वॉर्डांचे आणायचे.

नाईटला नातेवाईकांचा आरडाओरडा, धमक्या झाल्या तर त्याही त्याच तक्त्यात लिहा, आणि सिक्युरिटीचा माणूस फोन केल्यावर किती वेळात आला तेही. हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि त्यात नर्सेसही येतात, पण दारात माणूस असणं हा रिसोर्स आहे आणि तो मोजता येतो.

हे सगळं पेशंटच्या जिवाशी जोडलेलं आहे, वरिष्ठांना ते जरूर सांगा. अमेरिकेत लिंडा एकन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास केला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की सर्जरीच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७% नी वाढलेली दिसली आणि नर्सच्या बर्नआउटची (कामानं पार थकून जाण्याची) २३% नी. पुढे २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतही पेशंटच्या मृत्यूबद्दल तसाच ७% चा आकडा आला. आपल्या वॉर्डातली परिस्थिती तिकडच्यापेक्षा वेगळी आहे, आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण स्टाफ कमी असला तर नुकसान कोणाचं होतं हे त्यातून स्पष्ट आहे.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला नर्स आहे. इथे दरवर्षी एनएचएसचा (इथली सरकारी आरोग्यसेवा) स्टाफ सर्वे येतो आणि प्रत्येक ट्रस्टचा, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेचा, निकाल सगळ्यांना बघता येतो. आपल्याकडे असं का नाही?

तुमच्याकडे तो २००३ पासून दर वर्षी होतोय, म्हणजे सवय लागायला बराच काळ मिळालाय. एंगेजमेंटचे ९ प्रश्न असतात, तीन कामातल्या उमेदीबद्दल, तीन सुधारणा सुचवायला आणि करायला मिळतात का याबद्दल, तीन हॉस्पिटलबद्दलच्या विश्वासाचे. स्कोअर १० पैकी. आपल्याकडच्यांनी त्यातला शेवटचा प्रश्न तरी उचलावा असं मला फार वाटतं, तुमच्या घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाला उपचार लागले तर इथली सेवा तुम्हाला चालेल का. सिस्टर स्वतःच्या आईला आपल्याच वॉर्डात ॲडमिट करेल का हे तिला आतून सगळं माहीत असताना दिलेलं उत्तर असतं. निकाल उघडे करण्याचं म्हणाल तर सरकारी मेडिकल कॉलेजांपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, तिथे पदं किती रिकामी हे तसंही विधिमंडळात विचारलं जातंच.

प्रश्न : सर्वेत पगाराचा प्रश्न घालू नका, उगाच अपेक्षा वाढतात असं एचआर म्हणतात. बरोबर आहे का?
— सुपरवायझर, ठाणे

नाही. अपेक्षा आधीच आहेत, प्रश्न विचारल्यानं तयार होत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं स्पष्ट शिफारस केलीये : २०० पेक्षा जास्त बेड असतील तर त्याच ग्रेडच्या सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १०% कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५% कमी, आणि ५० पेक्षा कमी बेड असले तरी महिना २०,००० च्या खाली नाही. तुमच्या सिस्टरना हे माहीत असतं. पगार वेळेवर होतो का, डबल ड्युटीचे पैसे किंवा ऑफ परत मिळतो का, हे दोन प्रश्न तरी घालाच.

प्रश्न : सर्वेत आमचा स्ट्रेस जास्त आला. त्यावर उपाय म्हणून दर शनिवारी दुपारी दोन वाजता योगा आणि पॉझिटिव्ह थिंकिंगचं सेशन ठेवलंय, हजेरी घेतात. मॉर्निंग संपवून थांबावं लागतं. आम्ही नको म्हटलं तर आम्हालाच एंगेजमेंट नाही म्हणतात.
— चार सिस्टर, पुणे

तुमची तक्रार अगदी रास्त आहे. योगा चांगलाच, ज्याला जमतो त्यानं करावा, आणि माणसाचा स्वतःवरचा विश्वास, उमेद हाही एक रिसोर्स आहे असं संशोधकही मानतात. पण तुमच्या सर्वेत ताणाचं कारण काय आलं होतं? ते स्टाफ कमी असणं असेल तर त्याचं उत्तर शनिवारी दोन वाजता मिळत नाही, उलट घरी जायची वेळ गेली, म्हणजे होता तोही आराम कमी केला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या करताना तो कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येतो असंच म्हटलंय, आजार म्हणून त्याची नोंद नाही. म्हणजे बघायचं कामाच्या ठिकाणाकडे.

मेट्रन मॅडमना लेखी एवढंच विचारा : सर्वेत सगळ्यात कमी मार्क कोणत्या तीन प्रश्नांना पडले, आणि त्या तिन्हींवर कोण काय कधीपर्यंत करणार आहे. सेशन हवंच असेल तर ड्युटीच्या वेळेत ठेवा, हजेरीशिवाय, आणि त्या तासाला वॉर्डात बदली माणूस द्या असंही लिहा. चौघींनी सह्या करून द्या, आणखी जणी आल्या तर फारच चांगलं.

प्रश्न : हा सर्वे किती दिवसांनी परत घ्यायचा? आम्ही दर तीन महिन्यांनी घेतोय, आता मुली फॉर्म कोरेच देतात.
— क्वालिटी नर्स, मडगाव

तीन महिन्यांनी नको. मोठी प्रश्नावली वर्षातून एकदा पुरते, मध्ये हवं असेल तर यूडब्ल्यूईएसचं तीन प्रश्नांचं अगदी छोटं रूप २०१९ मध्ये आलंय ते घ्या. पण मुली कोरे फॉर्म देतायत ते वारंवारतेपेक्षा दुसऱ्या कारणानं असावं. मागच्या वेळी त्यांनी जे लिहिलं त्याचं काय झालं हे त्यांना कोणी सांगितलंय का? फॉर्म भरल्यावर महिन्याभरात निकाल वॉर्डात, ड्युटी लिस्ट लावता त्याच बोर्डावर, मराठी-कोंकणीत लावा. काय करणार ते लिहा आणि काय करता येणार नाही तेही कारणासकट लिहा, सिस्टरना 'यंदा पदं मंजूर होणार नाहीत' हे उत्तर चालतं, गप्प बसणं चालत नाही. एक गोष्ट तरी पुढच्या फॉर्मच्या आत प्रत्यक्ष झालेली हवी, अगदी चेंजिंग रूमच्या दाराची कडी असली तरी चालेल.

वेळही सांभाळा. चतुर्थीच्या सुट्ट्यांत, पावसाळ्यात डेंगी-लेप्टोनं वॉर्ड भरलेले असताना किंवा इन्क्रिमेंटच्या पत्रानंतर लगेच घेतलेल्या सर्वेचे आकडे मागच्या वर्षीच्या शांत महिन्याशी जुळवू नका. दरवर्षी एकच महिना ठरवा, आणि मधल्या काळात वॉर्ड एकत्र केले असतील, इनचार्ज बदलली असेल, नवीन बॅच आली असेल तर तेवढी नोंद त्या वर्षीच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर करून ठेवा, दोन वर्षांनी आकडा का हलला ते शोधायला तीच लागते.